पावसाळ्यातले रंगीत भुंगेरे : आधी ओळखू, मग ठरवू

मृगाच्या सरी कोसळल्या, जमीन आतपर्यंत भिजली, की चार-आठ दिवसांत आपल्या भोवती एक नवीच वस्ती जागी होते. वर्षभर मातीच्या पोटात दडलेले भुंगेरे बाहेर पडतात. तिन्हीसांजेला कडुनिंबाभोवती त्यांची घरघर सुरू होते आणि रात्री रस्त्यावरच्या दिव्याखाली त्यांचा सडा पडतो. एखादा खिडकीतून आत शिरला, की पोरे ओरडतात, कोणीतरी झाडू उचलतो आणि एका फटक्यात त्याचा निकाल लागतो. सकाळी तो केराबरोबर बाहेर जातो. तो कोण होता, कुठून आला होता, काय खात होता, याची चौकशी कोणी करीत नाही.

ही चौकशी म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, असे कोणी समजू नये. आपल्यापैकी कित्येकांची गावाकडे एक-दोन एकर कोरडवाहू जमीन आहे. कोणाची भाऊबंदकीत वाट्याला आलेली नारळाची चार झाडे आहेत, तर कोणी दुसऱ्याच्या शेतात खुरपणीला जातात. या भुंगेऱ्यांच्या एकाच कुळात पिकाची मुळे खाऊन संसार उघड्यावर आणणारा चोर आहे आणि जमिनीत फुकट खत कालवणारा मजूरही आहे. त्याच कुळात असेही काही आहेत, की ज्यांचा रंग पाहिला तर सराफाच्या दुकानातली काचपेटी फिकी पडावी. सरसकट सगळ्यांना मारले तर मजूर मरतो. सरसकट सगळ्यांना सोडले तर चोर सुटतो. म्हणून आधी ओळख हवी. ही ओळख करून घ्यायला फी लागत नाही, वशिला लागत नाही. दोन डोळे आणि थोडा धीर एवढे पुरते.

कूळ कसे ओळखावे?

ज्यांचे पुढचे पंख कडक होऊन ढालीसारखे पाठीवर बसतात, अशा कीटकांना मराठीत ढालपंखी कीटक म्हणतात. जगात आजवर नोंदलेल्या ढालपंखी कीटकांच्या जाती साडेतीन लाखांहून अधिक आहेत. आपण ज्यांच्याविषयी बोलत आहोत त्या कुळाला शास्त्रज्ञ स्कॅरॅब असे म्हणतात आणि त्यात सुमारे तीस हजार जाती येतात. शेणकिडे, हुमणीचे भुंगेरे, गेंडा भुंगा आणि फुलांवरचे रंगीत भुंगेरे ही सारी एकाच घरातली मंडळी आहेत.

घर एक असल्याची खूण त्यांच्या मिशांत आहे. भुंगेरा अलगद हातात घेऊन त्याच्या डोक्याजवळ निरखून पाहावे. या कुळाच्या मिशीच्या टोकाला बारीक पाकळ्यांचा झुबका असतो. भुंगेरा स्वस्थ असला की पाकळ्या मिटलेल्या असतात. तो चालायला किंवा उडायला निघाला की पुस्तकाची पाने उघडावीत तशा त्या उघडतात. त्या पाकळ्यांनी तो वास घेतो. अनेक जातींत नराच्या पाकळ्या मादीपेक्षा मोठ्या असतात, कारण अंधारात मादीचा माग त्याला वासावरूनच काढावा लागतो.

दुसरी खूण म्हणजे पुढचे पाय. ते बहुधा रुंद असतात आणि त्यांच्या कडेला करवतीसारखे दाते असतात. माती उकरायला ही हत्यारे उपयोगी पडतात. तिसरी खूण म्हणजे अंगाची ठेवण. अंग आखूड, जाड आणि गोलसर असते. या तीन खुणा जुळल्या, की पाहुणा याच कुळातला समजावा.

सोनपाखरू निराळे

येथे पुष्कळांच्या मनात सोनपाखरू आले असेल. बाभळीच्या पाल्यावर पावसाळ्यात सापडणारे, हिरव्या-तांबूस झळाळीचे सोनपाखरू कोणाला आठवणार नाही? काड्यापेटीत बाभळीचा पाला घालून मुले ते पाळतात. परंतु सोनपाखरू या कुळातले नव्हे. त्याचे अंग होडीसारखे लांबट असून मागे निमुळते होत जाते. मिशीला पाकळ्यांचा झुबका नसतो, करवतीसारखे बारीक दाते असतात. त्यांच्या कुळाला शास्त्रज्ञ रत्नभुंगेऱ्यांचे कूळ म्हणतात.

कूळ वेगळे असले तरी मुलांना एक गोष्ट सांगावी. काड्यापेटीत सोनपाखराने तांदळासारखी अंडी घातली की मुलांना आनंद होतो. पण ती अंडी मातीत पडायला हवी होती. पेटीत त्यातून काही निपजत नाही, आणि त्या मादीची पुढच्या वर्षीची पिढी तेथेच संपते. पायाला दोरा बांधून भुंगेरा उडवण्याचा खेळही असाच आहे. दोऱ्याने पाय तुटतो आणि पाय तुटलेल्या भुंगेऱ्याला फांदी धरता येत नाही. तासभर पाहावे, चित्र काढावे आणि जेथून आणले त्याच झाडावर सोडून यावे.

सावधगिरीचा एक शब्दही येथेच सांगतो. भेंडीच्या, मुगाच्या आणि रानातल्या फुलांवर काळ्या अंगावर नारिंगी पट्टे असलेला एक लांबट, मऊ अंगाचा भुंगेरा असतो. त्याची मान बारीक आणि स्पष्ट दिसते. शेतकरी अशांना हिंगे म्हणतात. त्याच्या अंगातल्या रसाने कातडीवर फोड येतात. रंगीत आहे म्हणून लहान मुलाने तो हातात धरू नये. पाकळ्यांच्या मिशा नाहीत आणि अंगावर पट्टे आहेत, म्हणजे हात दूर.

फुलांवरची रंगीत मंडळी

आता आपल्या रंगीत पाहुण्यांकडे वळू. त्यांना पाहायचे तर रात्री नव्हे, ऊन पडल्यावर निघावे. श्रावण-भाद्रपदात बाजरी आणि ज्वारीची कणसे फुलोऱ्यावर येतात, माळावर गवत फुलते. अशा कणसावर किंवा गवताच्या तुऱ्यावर हिरवाकंच, धातूसारखा चमकणारा, साधारण पाऊण इंचाचा भुंगेरा पराग खात बसलेला दिसेल. भिंगातून पाहिले तर त्याच्या अंगावर पिवळसर बारीक लव दिसते. याचे शास्त्रीय नाव चिलोलोबा अॅक्युटा. सगळे हिरवेच असतात असे नाही. काही तांबूस तर काही निळसर झाक मारणारे निघतात. जात एकच, पण लुगड्यांचे रंग निरनिराळे, असा हा प्रकार आहे. पुण्याच्या टेकड्यांवरही तो दिसतो.

दुसरा पाहुणा तूर, कपाशी, वांगी आणि गुलाब यांच्या फुलांवर येतो. तो आकाराने लहान, अर्ध्या इंचाच्या आसपास असतो. अंग विटकरी लाल, त्यावर काळे डाग आणि पांढरे ठिपके. त्याच्या सर्वच भावंडांत रंगाचे कमी-जास्त असते, म्हणून दोन भुंगेरे हुबेहूब सारखे क्वचितच सापडतात. तिसरा काळपट असून त्याच्या पाठीवर चुन्याचे शिंतोडे उडाल्यासारखे पांढरे ठिपके असतात. वांग्यावर, मक्याच्या कणसावर, पिकून फुटलेल्या फळावर आणि झाडाच्या पाझरणाऱ्या चिकावर तो तोंड लावून बसलेला आढळतो.

या फुलभुंगेऱ्यांची आणखी एक गंमत आहे आणि ती ओळखीला फार उपयोगी आहे. इतर भुंगेरे उडताना पाठीवरच्या दोन्ही ढाली उघडतात आणि मग खालचे पातळ पंख पसरतात. फुलभुंगेरे ढाली मिटलेल्याच ठेवतात. ढालीच्या कडेला एक खाच असते. त्या खाचेतून पातळ पंख बाजूने बाहेर काढून ते उडतात. त्यामुळे उडतानाही पाठीचा रंग झाकला जात नाही. उन्हात हिरवी ठिणगी गेल्यासारखी दिसली आणि मोठी घूंघूं ऐकू आली, तर तो बहुधा फुलभुंगेरा असतो. भरदुपारी मधमाशी समजून मुले त्याला भितात, पण याला नांगी नाही, विष नाही. हातात धरला तर पायाचे काटे तेवढे टोचतात.

फुलभुंगेरे पिकाचे नुकसान करतात काय, असे शेतकरी वाचक विचारतील. ते पराग आणि फुले खातात हे खरे. संख्या थोडी असेल तर त्यांची चिंता करण्याचे कारण नाही, शिवाय फुलाफुलांवर फिरताना परागही इकडचा तिकडे जातो. कणसाकणसावर गर्दी झाली असेल तर पहाटे गारव्यात ते सुस्त असतात, तेव्हा हाताने वेचावेत. फुलोऱ्यात औषध फवारले तर मधमाश्याही मरतात, याचे भान ठेवावे.

हा रंग येतो कोठून?

फुलपाखरू धरले की त्याच्या पंखांचा रंग बोटाला लागतो. भुंगेऱ्याचा रंग बोटाला लागत नाही, पाण्याने धुतला जात नाही आणि तो मेल्यावरही वर्षानुवर्षे तसाच राहतो. याचे कारण असे, की त्या हिरव्या झळाळीत हिरवा रंग असा नसतोच. भुंगेऱ्याच्या कवचात अतिशय पातळ थर एकावर एक रचलेले असतात. सूर्यप्रकाश त्या थरांवर पडून परततो तेव्हा काही रंग एकमेकांना मारून टाकतात आणि काही बळावतात. पावसात रस्त्यावर पेट्रोल सांडले की पाण्यावर इंद्रधनुष्य उमटते, साबणाच्या फुग्यावर रंग नाचतात, त्याच जातीचा हा प्रकार. म्हणून भुंगेरा तिरका धरला की हिरव्याचा निळा किंवा तांबडा होतो.

नोबेल पारितोषिक मिळवणारे भौतिकशास्त्रज्ञ अल्बर्ट मायकेलसन यांनाही या रंगाने कोड्यात टाकले होते. एका सोनेरी भुंगेऱ्याच्या पाठीवरून परतणारा प्रकाश मळसूत्राप्रमाणे पिळलेला असतो, असे त्यांनी १९११ साली दाखवून दिले. ज्याला आपण झाडूने लोटतो त्याच्या पाठीवर एवढे विज्ञान आहे.

हा रंग किती टिकाऊ, याचा पुरावा कापडावर पाहायला मिळतो. रत्नभुंगेऱ्यांच्या ढाली कापडावर टाके घालून बसवण्याची कला आपल्या देशात जुनी आहे. असे भरतकाम एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातून विलायतेला जात असे. लंडनमध्ये १८८८ साली लेडी मॅकबेथच्या भूमिकेसाठी नटी एलन टेरी यांच्याकरिता जो झगा शिवला गेला, त्यावर अशा सुमारे एक हजार ढाली लावल्या होत्या. शंभरावर वर्षे लोटली, कापड विरले आणि ते दुरुस्त करावे लागले, पण ढालींची हिरवी चमक अजून टिकून आहे.

शेणकिडा : फुकटचा मजूर

याच कुळातला, पण मान न मिळालेला, असा सदस्य म्हणजे शेणकिडा. शेण म्हटले की नाक मुरडणारे लोक पुष्कळ आहेत. पण शेणखतावर शेत उभे राहते हे आपल्या आया-बहिणींना सांगायला नको. त्यांनी शेण उचलले, गोवऱ्या थापल्या, त्यावर चुली पेटल्या आणि लेकरे वाढली. शेणकिडा जे काम करतो त्याची किंमत त्यांना चटकन कळेल.

शेणकिड्यांच्या तीन तऱ्हा आहेत. काही शेणाच्या पोवातच राहतात. काही पोवाच्या खाली भुयार खणून शेण आत ओढून नेतात. काही शेणाचा गोळा करून मागच्या पायांनी, डोके खाली ठेवून, ढकलत दूर नेतात. पावसाळ्यात माळावरच्या ताज्या पोवाजवळ दहा मिनिटे उभे राहिले तरी या तिन्ही तऱ्हा पाहायला मिळू शकतात. बरेच शेणकिडे काळे असतात. पण गोळा लोटणाऱ्या काही जातींच्या पाठीवर तांबूस, निळसर किंवा हिरवट झाक असते. काही लहान जातींचे डोके आणि मान तांब्याच्या भांड्यासारखी चकाकते. काही नरांच्या डोक्यावर शिंगही असते. काळा आहे म्हणून पुढे जाऊ नये. त्याला उन्हात थोडा तिरका करून पाहावे.

शेणकिडा नसेल तर काय होते, याचा धडा ऑस्ट्रेलिया देशाने घेतला. त्या देशात मुळात गाई-बैल नव्हते. १७८८ साली गोऱ्या वसाहतवाल्यांनी ते जहाजातून नेले. तेथले शेणकिडे कांगारूंच्या कोरड्या लेंड्यांवर जगणारे होते, त्यांना गाईचे ओले शेण पेलेना. पोव महिनोन् महिने तसेच पडून राहू लागले, खालचे गवत मेले आणि शेणावर माश्यांचे थवे वाढले. शेवटी जॉर्ज बोर्नेमिसा नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने बाहेरून शेणकिडे आणण्याची योजना मांडली. १९६५ ते १९८५ या वीस वर्षांत दक्षिण आफ्रिका व इतर देशांतून निवडक जाती आणून तेथे सोडण्यात आल्या. त्यांतल्या अनेक जाती रुजल्या आणि शेण पुन्हा मातीत जाऊ लागले. जे आपल्या माळावर फुकट घडते, त्यासाठी त्या देशाला सरकारी पैसा आणि वीस वर्षे खर्च करावी लागली.

आपल्याकडेही हा मजूर आज धोक्यात येऊ शकतो. जनावरांना दिलेल्या काही जंतनाशक औषधांचा अंश शेणात उतरतो आणि त्याने शेणकिड्यांची पिल्ले मरतात. म्हणून जनावराला औषध देऊच नये असे नाही. मात्र ते पशुवैद्याच्या सल्ल्याने, गरज असेल तेव्हाच आणि सांगितले तेवढेच द्यावे.

मेंढपाळाचे डोळे

शेणकिड्यांविषयी जगात फार जुन्या समजुती होत्या. प्राचीन इजिप्तमध्ये गोळा लोटणारा शेणकिडा म्हणजे सूर्याला आकाशात ढकलणाऱ्या खेप्री देवाचे रूप मानीत. त्याच्या आकाराचे दगडी ताईत गळ्यात बांधीत आणि मृतांबरोबर पुरीत. शेणाच्या गोळ्यातून किडा आपोआप जन्मतो, अशीही समजूत होती. हजारो वर्षे लोक हे मानत आले, पण तो गोळा उकरून पाहण्याची चिकाटी थोड्यांनीच दाखवली.

फ्रान्समध्ये झां आंरी फाब्र नावाचे एक शिक्षक होऊन गेले. १८२३ साली गरीब शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. मोठी प्रयोगशाळा त्यांच्याजवळ नव्हती. माळरानावर तासन् तास बसून त्यांनी कीटकांचे निरीक्षण केले. किडा उघड्यावर लोटत नेतो तो गोळा त्याच्या खाण्याचा असतो, त्यात अंडे नसते, एवढे त्यांना कळले. मग अंडे असते कोठे? बरीच वर्षे हे कोडे सुटेना. अखेर एका तरुण मेंढपाळाने जमिनीखालून काढलेली, शेणाचीच पण पेरूच्या फळासारखी घडवलेली एक वस्तू त्यांच्या हाती आणून दिली. आईने जमिनीखाली घडवलेल्या त्या गोळ्याच्या निमुळत्या टोकात अंडे ठेवलेले असते, हे त्यावरून उलगडले. मेंढरामागे हिंडणाऱ्या पोराने जे पाहिले ते विद्वानाच्या उपयोगी पडले आणि त्या विद्वानाने ते त्याच्याकडून घेण्यात कमीपणा मानला नाही. आमच्या मते ही गोष्ट प्रत्येक शाळेत सांगण्याजोगी आहे.

शोध अजून चालूच आहेत. अंधाऱ्या रात्री शेणकिडा गोळा घेऊन सरळ रेषेत कसा जातो, असा प्रश्न स्वीडनच्या मारी डाके आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पडला. दक्षिण आफ्रिकेत त्यांनी किड्यांच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या टोप्या घातल्या. आकाश दिसेनासे झाल्यावर किडे भरकटले. पुढे तारांगणात फक्त आकाशगंगेचा पट्टा दाखवला तेव्हा ते पुन्हा सरळ चालू लागले. शेणात राबणारा हा किडा आकाशगंगा पाहून वाट धरतो, हे २०१३ साली जगापुढे आले.

घरातला चोर : हुमणी आणि गेंडा भुंगा

आता या कुळातल्या नुकसान करणाऱ्यांकडे पाहू. ऊस, भुईमूग, बाजरी यांची मुळे खाणारी हुमणी म्हणजे या कुळातल्याच एका तपकिरी भुंगेऱ्याची अळी. भुंगेरा दिसायला साधा, तांबूस-तपकिरी, अंगावर झळाळी नाही. वळवाचा किंवा मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला की तो तिन्हीसांजेला जमिनीतून निघतो, कडुनिंब, बाभूळ, बोर यांच्यावर जमतो, पाला खातो, तेथेच नर-मादीचे मीलन होते आणि उजाडण्यापूर्वी तो पुन्हा जमिनीत जातो. एकेक मादी पन्नास-साठ अंडी घालते. पुढे पिकाचा फड पिवळा पडू लागला, उपटला तर झाड अलगद हातात येते आणि खाली मुळेच नाहीत, असे दिसते. तेव्हा फार उशीर झालेला असतो.

म्हणून हुमणीचा बंदोबस्त अळीच्या वेळी नव्हे, भुंगेऱ्याच्या वेळी करावा. संध्याकाळी दिवेलागणीनंतर झाडाच्या फांद्या काठीने हलवाव्यात, खाली पडलेले भुंगेरे गोळा करून रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकावेत. हे एकट्याने करून भागत नाही, कारण शेजारच्या बांधावरून भुंगेरे पुन्हा येतात. साऱ्या गावाने एकाच आठवड्यात मिळून केले तर पुढच्या पिढीची संख्या घटते. नांगरटीच्या वेळी बगळे, कावळे, साळुंक्या नांगरामागे येऊन अळ्या वेचतात, त्यांना हाकलू नये.

कोकणातल्या वाचकांना गेंडा भुंगा ठाऊक असेलच. तो काळपट, अंगठ्याहून जाड, डोक्यावर गेंड्यासारखे शिंग असलेला असतो. तो नारळाचा कोवळा सुई-कोंब पोखरतो. मग पान उघडते तेव्हा कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसतात. त्याची वीण होते ती कुजलेल्या खताच्या खड्ड्यात आणि मेलेल्या माडाच्या खोडात. लोखंडी आकड्याने कोंबातला भुंगा ओढून काढणे आणि खताचा खड्डा वेळोवेळी उपसणे, हे उपाय घरच्या माणसांना करता येतात.

उकिरड्यातल्या अळीची परीक्षा

खताचा ढीग उपसताना इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या, पांढऱ्या, जाड अळ्या निघतात. त्या पाहताच "हुमणी, हुमणी" म्हणून सगळ्या ठेचल्या जातात. परंतु त्यांतल्या पुष्कळ अळ्या फुलभुंगेऱ्यांच्या असतात. त्या जिवंत मुळांना तोंड लावत नाहीत. कुजका पाला, शेण आणि काडीकचरा खाऊन त्या त्याचे बारीक खत करतात.

दोघींतला फरक ओळखण्याची युक्ती कोणत्याही मुलाला जमेल. अळी सपाट फरशीवर ठेवावी आणि दोन मिनिटे थांबावे. उलटी होऊन, पाय आकाशाकडे करून पाठीवर सरपटू लागली, तर ती फुलभुंगेऱ्याची अळी समजावी. तिचे डोके लहान आणि पाय आखूड असतात. तिला ढिगात परत ठेवावे. पायांवर रांगायचा प्रयत्न करते किंवा कुशीवर वाकून पडून राहते आणि डोके मोठे, तांबूस आहे, तर ती हुमणी असू शकते. ती कोंबड्यांना टाकावी. अंगठ्याएवढी जाड अळी कुशीवर पडून राहिली आणि जवळ नारळाची बाग असेल, तर ती गेंडा भुंग्याची धरून काढून टाकावी. एवढी परीक्षा केली तर चोर पकडला जाईल आणि मजूर वाचेल.

मुलांना घेऊन पाहायला जाऊ या

रविवारी सकाळी मुलांना घेऊन बाहेर पडण्यास पावसाळ्यासारखा ऋतू नाही. गाव असेल तर बांध आणि माळ आहेतच. शहरातल्या वाचकांनाही निराश होण्याचे कारण नाही. मुंबईत बोरीवलीचे राष्ट्रीय उद्यान आहे, पुण्यात टेकड्या आहेत, आणि प्रत्येक वसाहतीच्या कडेला काही ना काही गवत आणि फुललेले झुडूप असतेच. मात्र राष्ट्रीय उद्यानात आणि अभयारण्यात कोणताही जीव उचलून आणणे कायद्याने बंद आहे. तेथे फक्त पाहावे.

बरोबर शाळेची जुनी वही, पेन्सिल, रेघपट्टी आणि मिळाले तर एक साधे भिंग घ्यावे. भुंगेरा दिसला की पाच गोष्टी लिहाव्यात: तारीख आणि वेळ, जागा, कशावर बसला होता, लांबी किती आणि रंग कोणता. सावलीतला आणि उन्हातला रंग वेगवेगळा लिहावा. मिशीच्या पाकळ्या आणि पुढचे पाय यांचे चित्र काढावे. घरात मोबाईल असेल तर वरून, बाजूने आणि तोंडाकडून असे तीन फोटो घ्यावेत. भुंगेरा तासाभरात सोडून द्यावा. शेणाजवळ काम झाल्यावर हात साबणाने स्वच्छ धुवावेत.

आपल्या देशातल्या या कुळाचे वर्णन गिल्बर्ट अॅरो या इंग्रज शास्त्रज्ञाने १९१०, १९१७ आणि १९३१ साली तीन खंडांत केले. आजही अभ्यासक ते उघडतात. ते खंड इंग्रजीत आहेत आणि सामान्य घरात पोचलेले नाहीत. पण कोणत्या पावसानंतर कोणता भुंगेरा कोणत्या झाडावर येतो, हे रोज शेतावर जाणाऱ्या बाईला आणि गुरांमागे हिंडणाऱ्या मुलाला ठाऊक असते. ते ज्ञान वहीत उतरले, तारखेसह उतरले, म्हणजे त्याला वजन येते. तीन-चार पावसाळे एकाच जागेची अशी नोंद ठेवणारा मुलगा किंवा मुलगी पुढे कीटकशास्त्राकडे किंवा शेतकी महाविद्यालयाकडे वळली, तर त्यात नवल वाटायला नको.

येत्या पावसाळ्यात दिव्याभोवती पहिला भुंगेरा आला, की आमची आपणास एवढीच विनंती आहे. झाडू उचलण्यापूर्वी त्याच्यावर एक वाटी पालथी घालावी, मुलांना जवळ बोलवावे आणि त्यांनाच विचारावे, "मिशीला पाकळ्या आहेत का रे? रंग कोणता? पाय कसे आहेत?" मुले उत्तर शोधतील. मग तो तपकिरी हुमणीवाला आहे, की रंगीत फुलभुंगेरा आहे, की शेणकिडा, हे सगळ्यांनी मिळून ठरवावे, आणि त्यानंतरच त्याला मारायचे की अंगणात सोडायचे याचा निर्णय घ्यावा.